जहाजाची कीर्ति आणि मजुराचा श्वास

नवें जहाज पाण्यांत लोटण्याचा दिवस म्हणजे गोदीचा सण. नारळ फुटतो, तोरणें लागतात, बड्या पाहुण्यांचीं भाषणें होतात, आणि दुसऱ्या दिवशीं वर्तमानपत्रांत जहाजाची लांबी, रुंदी, वजन व किंमत यांचे आंकडे छापून येतात. आमची तक्रार या सणाबद्दल नाहीं. ज्या मुंबईच्या गोदींत वाडिया घराण्यानें सागवानाचीं जहाजें बांधिलीं, आणि ज्यांपैकीं १८१७ सालचें ‘त्रिंकोमाली’ आजही इंग्लंडांत हार्टलपूल येथें तरंगत आहे, त्या शहराच्या रहिवाशांस जहाजबांधणीचा अभिमान वाटावा हें रास्तच आहे. आमचा प्रश्न एवढाच कीं, हें जहाज बांधतांना किती माणसें मेलीं आणि किती अधू झालीं, हा आंकडा त्या यादींत कां नसावा?

कोणी म्हणेल, अपघात कोठें तरी क्वचित् होतात. आम्ही तीनच गोदींची हकीकत देतों. ता. १३ फेब्रुवारी २०१८ रोजीं कोचीच्या गोदींत दुरुस्तीस आलेल्या ‘सागर भूषण’ या जहाजावर वायूचा स्फोट होऊन ५ माणसें दगावलीं. ता. २१ जून २०१९ रोजीं माझगांवच्या गोदींत बांधणी चालू असलेल्या युद्धनौकेस आग लागली व तींत कंत्राटदाराकडील एक तरुण कामगार प्राणास मुकला. ता. १ ऑगस्ट २०२० रोजीं विशाखापट्टणमच्या हिंदुस्थान शिपयार्डांत क्रेनची भारचांचणी चालू असतां ती कोसळली आणि ११ जण ठार झाले. त्यांतही कंत्राटदारांचींच माणसें अधिक होतीं. कोठेंही जा, पळसाला पानें तीनच!

अशा प्रसंगीं दैवास दोष देण्याची आपल्याकडे जुनी खोड आहे. परंतु जहाजाच्या पोटांतील टांकीचें शास्त्र पाहिलें म्हणजे दैवाचा येथें फारसा संबंध उरत नाहीं. बंद पोलादी टांकीस आंतून गंज चढतो, आणि गंज चढतांना तेथल्या हवेंतील प्राणवायु खर्ची पडतो. बाहेरच्या हवेंत तो शेंकडा सुमारें २१ असतो. तो १० च्या खालीं गेला कीं आंत उतरलेल्या माणसाची शुद्ध थोडक्याच वेळांत हरपते, आणि त्यास काढावयास धांवलेला सोबतीही तेथेंच आडवा होतो. ही उणीव डोळ्यांस दिसत नाहीं कीं नाकास कळत नाहीं. ती यंत्रासच कळते. उलट तेथें रंगाची वाफ किंवा नळींतून गळलेला वायु सांचला असेल, तर जोडकामाची एक ठिणगी पुरे. उपाय कांहीं गुप्त नाहीं. पंख्यानें हवा खेळवावी, यंत्रानें ती तपासावी, जबाबदार मनुष्यानें लेखी परवाना द्यावा, आणि टांकीच्या तोंडाशीं एक माणूस राखणीस ठेवावा. अशा जागेंत शिरण्यापूर्वीं हवेची लेखी खात्री घ्यावी, नाहीं तर श्वसनयंत्र लावून व दोर बांधून उतरावें, असें १९४८ च्या कारखाना कायद्यानेंच सांगून ठेविलें होतें. मग जेथें हें पाळलें जात नाहीं तेथें दैव कसें कारण?

अपघाताची निदान बातमी तरी होते; दुसरें मरण बातमीवांचूनच येतें. जुन्या जहाजांच्या बाष्पयंत्रांस व नळ्यांस अ‍ॅस्बेस्टॉसचें वेष्टण असे. त्याचे तंतु छातींत बसले म्हणजे दुखणें वीस, तीस, कधीं चाळीस वर्षांनीं डोकें वर काढतें. नव्या जहाजांत तें घालण्यास आंतरराष्ट्रीय नियमांनीं २०११ पासून बंदी आहे. पण तें पोटांत बाळगणारीं जुनीं जहाजें दुरुस्तीस येतातच. सर्वोच्च न्यायालयानें १९९५ सालीं अ‍ॅस्बेस्टॉसच्या कारखान्यांस कामगारांच्या प्रकृतीची नोंद ४० वर्षें ठेवण्यास बजाविलें, तें याच दीर्घ मुदतीमुळें. आतां वाचकांनींच विचार करावा: आज या कंत्राटदाराकडे, उद्यां त्या मुकादमाकडे, परवां आपल्या गांवीं, अशा फिरत्या मजुराची नोंद चाळीस वर्षें कोणाच्या कपाटांत राहणार?

आमच्या वाचकांत व्यापारी मंडळी पुष्कळ आहेत. त्यांस हिशेबाच्याच भाषेंत सांगतों. गोदी काम कंत्राटदारास देते, तो पोटकंत्राटदारास, तो मुकादमास; आणि प्रत्येक पायरीस दर उतरतो. पोलादाचा भाव त्यामुळें उतरत नाहीं, विजेचाही नाहीं. मग कपात होते कोठें? पंख्यांत, पट्ट्यांत, मुखवट्यांत, शिकवणुकींत आणि हवा तपासणाऱ्या माणसाच्या रोजांत. ज्या वहींत ही बचत नफा म्हणून जमेस धरली जाते, तींत मेलेल्याच्या घरची तूट कोणाच्याच नांवें पडत नाहीं. असली वही सचोटीचा कोणताही सावकार खोटीच म्हणेल.

यास्तव आमच्या तीन सूचना आहेत. पहिली, निविदेंत सुरक्षिततेचा खर्च निराळा दाखवावा आणि त्यावर कमी-अधिक बोली लावूं देऊं नये. दुसरी, अपघात व आजार यांची नोंद गोदीनें स्वतः ठेवावी. कायमचा नोकर व कंत्राटदाराचा मजूर हे एकाच वहींत यावे, आणि तिचा गोषवारा दरसाल प्रसिद्ध व्हावा. तिसरी, टांकीवरचा परवाना तींत उतरणाऱ्याच्या भाषेंत लिहावा, आणि परवाना नाहीं म्हणून उतरण्यास नकार देणाराचा रोज कापूं नये.

यानें जहाज महाग होईल असा आक्षेप येईल. येवो. मजुराच्या श्वासांतून कापून जी किंमत उतरविली ती स्वस्ताई नव्हे, उधारी आहे. आणि ती फेडणारा भलताच आहे. पुढल्या खेपेस जहाज पाण्यांत उतरेल तेव्हां लांबी-रुंदीबरोबर तो एक आंकडाही सर्वांदेखत वाचून दाखवावा. तो शून्य असेल, तर त्या गोदीच्या कीर्तीचें वर्णन करण्यास आम्ही आमचे रकाने आनंदानें मोकळे करूं.