गाणं कुणाचं, तेवढं सांगा

खासगी एफएमवर सकाळचं गाणं संपतं न संपतं तोच निवेदक ट्रॅफिकवर येतो. कांजूरमार्गला एलबीएस रोडवर गाड्या कशा तुंबल्यात, हे तो मोठ्या उत्साहानं सांगतो. आपण त्याच रांगेत उभे असतो, त्यामुळे बातमी शिळी. आपल्याला ठाऊक नसतं ते मात्र तो सांगत नाही. आत्ता वाजलेलं गाणं लिहिलं कुणी, चाल कुणाची, गायलं कोण? त्या तीन नावांना दहा सेकंदही लागत नाहीत. तेवढ्या वेळात एका बिल्डरची जाहिरात बसते, हे मला समजतं. समजतं म्हणून पटतं असं नाही.

आमच्याकडे कांजूर पश्चिमेला स्टेशनच्या वाटेवर एक इस्त्रीवाले काका आहेत. कारखान्यातली नोकरी गेल्यावर त्यांनी हे टेबल टाकलं. फळीवर रेडिओ. त्याची एरियल कधीच तुटलेली. तिच्या जागी तांब्याची तार गुंडाळून ती खिडकीच्या गजाला बांधली आहे. काटा १०२.८ वर, विविध भारती. परवा मी शर्ट घ्यायला गेलो तर कुणीतरी आलापी करत होतं. काका कॉलरवरून इस्त्री न उचलता म्हणाले, ‘‘सोहनी. मुघल-ए-आझमवाला.’’ मी विचारलं, ‘‘काका, गाणं शिकलात कुठे?’’ तर म्हणाले, ‘‘शिकतोय कशाला? रेडिओवरच्या बाई सांगतात ना!’’

त्या बाई म्हणजे ‘संगीत सरिता’. वर्षानुवर्षं सकाळी साडेसातला लागत आलेला पंधरा मिनिटांचा कार्यक्रम. एक राग घ्यायचा, त्याचे स्वर सांगायचे, त्याचं चलन गाऊन दाखवायचं, एखादी बंदिश ऐकवायची आणि मग त्याच रागातलं सिनेमातलं गाणं लावायचं. सगळी करामत शेजारी काय ठेवायचं यात आहे. ‘मुघल-ए-आझम’मध्ये (१९६०) बडे गुलाम अली खाँसाहेबांचा सोहनी नुसता ऐकला तर प्रसंगामागचं गाणं म्हणून निघून जातो. आधी सोहनीची ओळख करून दिली असली की तोच आपण कान टवकारून ऐकतो. हे काम यंत्राचं नव्हे, कुणीतरी बसून, चार रेकॉर्ड ऐकून, तीन बाजूला टाकून करायचं काम आहे. आणि ते होतं कुठे? विविध भारतीचा पत्ता बोरिवलीचा, गोराई रोडचा. देशभर ऐकू जाणारा आवाज आमच्यापासून जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोडच्या पलीकडे, आपल्याच उपनगरातून निघतो. (तो रोड मोकळा असेल त्या दिवशी जवळ म्हणायचं.)

शास्त्रीय आणि फिल्मी असं एका ताटात वाढणं आज साधं वाटतं, पण त्यावर एकदा मोठं रणकंदन झालं होतं, आणि त्यात आघाडीवर एक मराठी माणूस होता. बाळकृष्ण विश्वनाथ केसकर १९५२ मध्ये माहिती व नभोवाणी मंत्री झाले. स्वतः शास्त्रीय संगीताचे जाणकार. सिनेमाची गाणी त्यांना सवंग वाटत. त्यांनी आकाशवाणीवरच्या त्या गाण्यांना कात्री लावली. गाणं लावलं तरी चित्रपटाचं नाव घ्यायचं नाही, कारण ती जाहिरात होते, असाही दंडक आला. निर्मात्यांनी चिडून परवानग्या काढून घेतल्या. श्रोत्यांनी वाद घातला नाही, काटा फिरवला. डिसेंबर १९५२ मध्ये रेडिओ सिलोनवर ‘बिनाका गीतमाला’ सुरू झाली आणि अमीन सायानींचा आवाज घराघरात गेला. शेवटी ३ ऑक्टोबर १९५७ रोजी पंडित नरेंद्र शर्मांच्या देखरेखीखाली विविध भारती सुरू करावी लागली.

केसकरांची बाजूही सांगायला हवी. शनिवारी रात्रीचा संगीताचा अखिल भारतीय कार्यक्रम आणि १९५४ पासूनचं रेडिओ संगीत संमेलन त्यांच्याच काळातलं. संस्थानं गेल्यावर उघड्यावर पडलेल्या कित्येक गवयांना आकाशवाणीनं आधार दिला. पण त्यांनी जी भिंत घातली, तिला अर्थ नव्हता. ते मंत्री झाले त्याच वर्षी ‘बैजू बावरा’ आला, आणि त्यात अमीर खाँ व द. वि. पलुस्कर देसी रागात एकमेकांसमोर गायले होते. हे सवंग?

आणि नावाचं म्हणाल, तर ‘महल’ची (१९४९) गोष्ट जुन्या मंडळींना माहीत आहे. त्या सिनेमातल्या, खेमचंद प्रकाश यांनी चाल दिलेल्या एका गाजलेल्या गाण्याच्या तबकडीवर गायिका म्हणून ‘कामिनी’ छापलं होतं. ते सिनेमातल्या पात्राचं नाव. लोकांनी रेडिओकडे पत्रांवर पत्रं धाडली, गाते आहे कोण? मग नाव कळलं, लता मंगेशकर. श्रोत्यांनी भांडून मिळवलेली ही गोष्ट आपण आता फुकटात सोडून देतो आहोत.

फोनवर सगळं मिळतं, असं मुलं म्हणतात. मिळतं. गायकाचं नावही दिसतं, गीतकारासाठी आणखी दोनदा बोट लावावं लागतं. काकांच्या हातात इस्त्री असते. आकाशवाणीनं २६ जानेवारी २०१६ पासून ‘रागम’ ही चोवीस तासांची शास्त्रीय वाहिनी चालवली आहे, ती मी ऐकतो, तुम्हीही ऐका. पण तिच्याकडे जातो तो आधीच रागाच्या ओढीनं जातो. शर्ट घ्यायला आलेल्या माणसाच्या कानावर सोहनी पडायचा तर तो सिनेमाच्या गाण्याला लागूनच यायला हवा. शास्त्रीयाची खोली वेगळी, फिल्मीची वेगळी, ही केसकरांचीच भिंत. फक्त या वेळी ती कुणी रागावून बांधलेली नाही.

२३ जुलै १९२७ रोजी इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचं मुंबई केंद्र सुरू झालं. २०२७ मध्ये त्याला शंभर वर्षं होतील. समारंभ होतील, शाली दिल्या जातील. मुंबई आकाशवाणीनं त्यानिमित्त ‘भावसरगम’, ‘आपली आवड’ यांच्या पठडीतला, राग आणि मराठी गाणी शेजारी मांडणारा एक रोजचा कार्यक्रम सकाळच्या गर्दीच्या वेळेला द्यावा. खासगी वाहिन्यांनी निदान गीतकार, संगीतकार, गायक ही तीन नावं घ्यावीत. आणि वाचकहो, पत्रं आपण पाठवायची आहेत. ‘महल’च्या वेळी ती पाठवली होती, म्हणून उत्तर आलं.