मामाने दिलेले भांडवल

बँकेच्या सेवेत असताना नोटा मोजल्या पुष्कळ. त्यांवरील चित्रे निरखण्याची सवड मात्र निवृत्तीनंतर मिळाली. मध्यंतरी लंडनहून आलेल्या भाच्याने पाच पौंडांची नोट दाखविली. २०१६ साली चलनात आलेल्या त्या नोटेवर विन्स्टन चर्चिल यांची करारी मुद्रा आहे. ती ज्या छायाचित्रावरून घेतली, ते टिपणारे युसुफ कार्श हे एक निर्वासित होते.

कार्श यांचा जन्म १९०८ साली तुर्कस्तानातील मार्दिन येथे, एका आर्मेनियन कुटुंबात झाला. कत्तली आणि उपासमार पाहिलेले हे कुटुंब १९२२ मध्ये सर्वस्व सोडून सीरियातील अलेप्पोला आले. दोन वर्षांनी, ३१ डिसेंबर १९२४ रोजी, सोळा वर्षांचा युसुफ कॅनडाच्या हॅलिफॅक्स बंदरात एकटाच उतरला. आधार एकच, शेरब्रुक गावी छायाचित्रांचा स्टुडिओ चालविणारे मामा जॉर्ज नकाश.

युसुफला डॉक्टर व्हायचे होते; परिस्थितीने कॅमेरा हाती दिला. मुलाचा हात चांगला आहे, हे मामांनी ओळखले. असा हरहुन्नरी भाचा आपल्याच दुकानात राबवून घेण्याचा मोह कोणाला होणार नाही? मामांनी मात्र त्याला १९२८ मध्ये बोस्टनला, जॉन गारो या श्रेष्ठ छायाचित्रकाराकडे शिकण्यास पाठविले. तेथे सुमारे तीन वर्षे उमेदवारी करून परतल्यावर युसुफने ओटावा या राजधानीत स्वतःचा स्टुडिओ थाटला.

३० डिसेंबर १९४१ रोजी कॅनडाच्या संसदेतील भाषणानंतर चर्चिल त्यांच्या कॅमेऱ्यासमोर आले. पूर्वकल्पना नसल्याने ते आधीच त्रासले होते. कार्श यांनी नम्रपणे पुढे होऊन त्यांच्या तोंडातील सिगार काढून घेतला आणि क्षणार्धात छायाचित्र घेतले. नोटेवर दिसतो तो हाच राग. या एका चित्राने कार्श जगप्रसिद्ध झाले. तरी पुढे फोर्ड कंपनीच्या कारखान्यातील कामगारांची चित्रे काढतानाही त्यांनी तेवढीच निष्ठा ठेवली.

मामांनी दिलेले त्यांनी पुढेही दिले. धाकट्या भावाला, मलाकला, १९३७ मध्ये कॅनडात आणून हा व्यवसाय शिकविला. मलाक यांनी मोठ्या भावाच्या छायेत न राहता निसर्गचित्रणात स्वतंत्र नाव मिळविले. ओटावा नदीतील ओंडक्यांचे त्यांचे दृश्य कॅनडात १९७४ साली चलनात आलेल्या एक डॉलरच्या नोटेमागे छापले गेले. निर्वासित घरातील दोघा भावांची चित्रे अशी दोन देशांच्या चलनावर पोहोचली.

माझ्या शाखेत येणारे एक वृद्ध व्यापारी भाच्याला वर्षानुवर्षे केवळ वसुलीला पाठवीत. खरेदीचे व्यवहार कळले तर तो वेगळे दुकान काढील, ही त्यांची धास्ती. भाचा शेवटी गेलाच. पण काही न शिकता, आणि मन दुखावून. आपल्या पेढीवरही कोणाचा तरी मुलगा शिकायला येतो. त्याच्यासाठी ‘गारो’ शोधण्याइतके मोठे मन आपल्यापाशी आहे का? ताळेबंदात या भांडवलाला रकाना नसतो; परंतु त्याचे व्याज पिढ्यान्‌पिढ्या मिळत राहते.