प्रशिक्षण झाले, पुढे काय?

जुलै २०२५ मध्ये टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेस या कंपनीने सुमारे १२ हजार, म्हणजे दोन टक्के कर्मचारी कमी करण्याचे जाहीर केले. त्यांत मधल्या व वरच्या श्रेणीतील माणसांचा भरणा अधिक होता. साडेपाच लाख कर्मचाऱ्यांना कृत्रिम बुद्धिमत्तेचे प्राथमिक, तर एक लाखाला प्रगत प्रशिक्षण दिल्याचेही कंपनीने त्याच सुमारास सांगितले. याचा सरळ अर्थ असा की, प्रमाणपत्र हाती आले म्हणजे नोकरी टिकलीच असे नव्हे.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आलेल्या औद्योगिक संबंध संहितेत पुनर्कौशल्य निधीची तरतूद आहे. कमी केलेल्या कामगाराच्या खात्यात १५ दिवसांच्या वेतनाइतकी रक्कम ४५ दिवसांच्या आत जमा व्हावयाची आहे. तरतूद स्वागतार्ह आहे. परंतु ती नोकरी गेल्यानंतरची आहे आणि व्यवस्थापकीय पदावरील माणूस संहितेच्या लेखी ‘कामगार’ नाहीच. शिवाय, पंधरा दिवसांच्या पगारात घर चालवावे की नवे तंत्र शिकावे?

म्हणून प्रशिक्षण नोकरी असतानाच, कामाच्या वेळेत, मालकाच्या खर्चाने आणि पुढचे काम निश्चित करून व्हावयास हवे. १८९१ साली पोप तेरावे लिओ यांनी यंत्रयुगातील श्रमिकांची बाजू मांडली. मे २०२५ मध्ये पोप चौदावे लिओ यांनी तेच नाव का घेतले हे सांगताना कृत्रिम बुद्धिमत्तेचा स्पष्ट उल्लेख केला. आपल्या धर्मग्रामांतील संगणक क्षेत्रात काम करणाऱ्यांनी हा प्रश्न आजच आपल्या वरिष्ठांपुढे मांडावा.