रोबो पावलं टाकवतो, पण मूल चालायला शिकतं का?

सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलांचे पालक हल्ली विचारतात, "डॉक्टर, मोठ्या शहरात रोबोवर चालायला शिकवतात म्हणे. दागिने मोडू का?" पालकहो, घाई करू नका.

लोकोमॅटसारख्या यंत्रात मुलाला पट्ट्यांच्या आधारे ट्रेडमिलवर उभं करतात आणि पायांना बांधलेल्या मोटर्स पावलं टाकवतात. एका सत्रात शेकडो पावलं पडतात. थेरपिस्टला हाताने एवढी करून घेणं अवघडच. हा फायदा मला मान्य आहे. माझा राग आहे तो 'रोबोने तुमचं मूल चालेल' या जाहिरातीवर.

मेंदू शिकतो तो मुलाच्या स्वतःच्या प्रयत्नातून. सगळं काम मोटरच करत असेल, तर पाय हलतात पण शिकणं होत नाही. तेवढाच वेळ नीट करून घेतलेल्या नेहमीच्या फिजिओथेरपीपेक्षा रोबो सरस आहे, हे संशोधनातून ठामपणे सिद्ध झालेलं नाही.

शिवाय मुलांची क्षमता सारखी नसते. जीएमएफसीएस या वर्गीकरणात ५ पातळ्या आहेत. पहिल्या पातळीचं मूल आधाराशिवाय चालतं, पाचव्या पातळीच्या मुलाला मान सावरणंही कठीण जातं. दोघांच्या पालकांना एकच 'पॅकेज' विकणं ही शुद्ध फसवणूक आहे.

म्हणून पैसे भरण्याआधी विचारा: माझ्या मुलाची पातळी कोणती? सत्रं संपल्यावर त्याला नेमकं काय जमेल? ते कसं मोजणार? यंत्राची मदत हळूहळू कमी करणार का? घरी रोज काय करायचं? उत्तरं मिळाली नाहीत, तर परत फिरा.

जिल्हा पातळीवरच्या सरकारी शीघ्र हस्तक्षेप केंद्रात (डीईआयसी) मोफत थेरपी मिळते. नॅशनल ट्रस्टच्या 'निरामय' योजनेत वर्षाला १ लाख रुपयांपर्यंत आरोग्य विमा आहे. 'एडिप' योजनेतून व्हीलचेअर, कॅलिपर अशी साधनं मिळतात. आधी ही दारं ठोठावा.

आणि व्हीलचेअरला हार समजू नका. तिच्यावर बसून मूल शाळेत जात असेल, मित्रांत खेळत असेल, तर तेही पुनर्वसनच. रोबोच्या नावाखाली घर गहाण पडलं आणि रोजचा व्यायाम सुटला, तर नुकसान मात्र मुलाचंच होतं.