जीर्ण यंत्रांचे निमित्त आणि कृष्णा खोऱ्याची वीज

सरकारी मालमत्ता खासगी हातांत द्यावयाची असली म्हणजे प्रथम ती म्हातारी झाल्याचे जाहीर करावे लागते. म्हातारीच्या औषधपाण्याला पैसा नाही असे दुसऱ्या दिवशी सांगता येते, आणि तिसऱ्या दिवशी एखादा दयाळू पाहुणा तिला सांभाळावयास तयार होतो. अट एवढीच, की तिच्या नावावरचे शेत पुढची कित्येक वर्षे त्याने कसावे. महाराष्ट्रातील जुन्या जलविद्युत केंद्रांबाबत राज्य शासनाने जे धोरण अवलंबिले त्याचे सार याहून वेगळे नाही. पस्तीस वर्षांचे आयुष्य संपलेले वीजगृह कंपनीस भाडेपट्ट्याने द्यावयाचे, तिने यंत्रे बदलावयाची, ठरलेली वर्षे वीज विकावयाची आणि मग केंद्र परत करावयाचे, अशी ही योजना. प्रवरेवरील भंडारदरा या वाटेने गेले. कृष्णा खोऱ्यात भोगावतीवरील राधानगरी, नीरेवरील वीर आणि वेळवंडीवरील भाटघर यांची नावे याच यादीत आली. राधानगरीचे धरण राजर्षी शाहू महाराजांनी रयतेच्या शेतीसाठी बांधावयास घेतले होते, एवढे येथे नमूद करणे पुरे.

यंत्रे जुनी झाली हे खोटे नाही. टर्बाइनचे चक्र पाण्याच्या माऱ्याने झिजते, जनित्राच्या वेटोळ्यांवरील रोधक आवरण उष्णतेने ठिसूळ होते, जुन्या पद्धतीचे वेगनियंत्रक भाराच्या चढउताराला उशिरा प्रतिसाद देतात. नव्या घडणीचे चक्र बसविले, वेटोळी बदलली, नियंत्रण इलेक्ट्रॉनिक केले, तर त्याच पाण्यातून थोडी अधिक वीज निघते आणि केंद्राला दुसरे आयुष्य मिळते. परंतु जलविद्युत प्रकल्पाच्या एकूण खर्चात यंत्रांचा वाटा लहान असतो. मोठा वाटा धरणाचा आणि बोगद्यांचा. आणि हिशोबात कधीच पुरता न धरलेला वाटा बुडालेल्या जमिनीचा. धरण यंत्रांच्या दोन-तीन पिढ्या पाहते, आणि या जुन्या धरणांचा खर्च समाजाने केव्हाच फेडलेला आहे. तेव्हा जो कोणी यंत्रे बदलतो तो लहानसे भांडवल घालून संपूर्ण प्रकल्पाच्या उत्पन्नाचा धनी होतो. अशा उत्पन्नाला अर्थशास्त्रात नफा म्हणत नाहीत. रिकार्डोने ज्याला खंड म्हटले तो हा प्रकार: सुपीक जमिनीच्या मालकाला, त्याने काही न करता, केवळ ती जमीन त्याची म्हणून मिळणारे उत्पन्न. येथे सुपीक जमीन म्हणजे सह्याद्रीचा कडा आणि त्यावर कोसळणारा पाऊस. हा कडा कोणत्या भागधारकांनी उभा केला?

शासनापाशी पैसा नाही आणि कौशल्यही नाही, या दोन्ही सबबींना कोयना हे उत्तर आहे. पोफळीच्या डोंगरात, भूगर्भात, कोयनेचे पहिले जनित्र १९६२ साली फिरू लागले. पहिल्या टप्प्यातील चार यंत्रे ६५ मेगावॉटची होती, ती आज ७० ची आहेत. दुसऱ्या टप्प्यातील ७५ ची चार यंत्रे ८० ची झाली. ही वाढ सार्वजनिक क्षेत्रातच झाली, तिच्यासाठी कोणाला डोंगर भाड्याने द्यावा लागला नाही. पोफळीचे अवजल कोळकेवाडीला अडवून त्यावर तिसऱ्या टप्प्याचे ३२० मेगावॉट उभे राहिले. १९९९ साली आणि पुन्हा २०१२ साली, भरल्या शिवसागराच्या तळाखालून बोगदा नेऊन शेवटचा खडक स्फोटाने उडविण्यात आला आणि सरोवर रिते न करता पाणी बोगद्यात घेण्यात आले. ही अवघड कामे जलसंपदा खात्याने पार पाडली. धरण खात्याचे, वीजगृहे चालविणारी महानिर्मितीही सरकारी. आणि स्थापित क्षमता सुमारे १९६० मेगावॉट. ज्या राज्याने हे केले त्याला भाटघरचे एक लहानसे यंत्र बदलता येत नाही, यावर विश्वास कोणी ठेवावा?

कोयनेचा चौथा टप्पा या संदर्भात विशेष बोलका आहे. २५० मेगावॉटची चार यंत्रे बसविली गेली, पण पाण्याचा एक थेंबही वाढला नाही. बच्छावत लवादाने कोयनेतून पश्चिमेकडे वळवावयाच्या पाण्यावर वर्षाला ६७.५ टीएमसीची मर्यादा घातलेली आहे. चौथ्या टप्प्याने केले ते इतकेच, की दिवसभर संथ वाहणारे तेच पाणी मागणीच्या ऐन तासांत धो धो सोडण्याची सोय झाली. कोळशाचे केंद्र तापावयास कित्येक तास लागतात. पाण्याचे चक्र काही मिनिटांत पूर्ण भार घेते. आज सौर वीज वाढत आहे. दुपारी वीज मुबलक आणि सूर्य मावळताच टंचाई, असे नवे गणित तयार झाले आहे. त्यामुळे संध्याकाळच्या युनिटाचे मोल वाढले आणि ते युनिट देऊ शकणाऱ्या जुन्या वीजगृहाचेही मोल वाढले. म्हातारीवर पाहुण्यांचे प्रेम अकस्मात का जडले याचा उलगडा येथे होतो.

पाण्याचा ताबा खात्याकडेच राहतो, कंपनी फक्त यंत्रे फिरविते, असे या धोरणाचे समर्थक सांगतात. कागदावर ते ठीक आहे. पण धरण चालविणे म्हणजे रोज एक निवाडा करणे होय. कोयनेचे पाणी पश्चिमेला सोडले तर सुमारे पावणेपाचशे मीटर खाली पडून वीज देते आणि वाशिष्ठीतून समुद्राला मिळते. तेच पाणी पूर्वेला सोडले तर पायथ्याच्या वीजगृहात थोडी वीज देऊन कऱ्हाडला कृष्णेत येते, आणि टेंभू, ताकारी, म्हैसाळ या उपसा योजना ते सांगली जिल्ह्याच्या व पलीकडच्या दुष्काळी भागाकडे चढवितात. चढविण्यास पुन्हा वीज लागते, ती गोष्ट निराळी. २०२३ च्या तुटीच्या पावसाळ्यात कोयना भरली नाही आणि वीज की पिण्याचे पाणी व शेती हा प्रश्न उभा राहिला, तेव्हा विजेच्या पाण्याला कात्री लावता आली. कारण धरणही सरकारचे होते आणि वीजगृहही सरकारचे. वीजगृहावर ज्याने कर्ज काढून भांडवल गुंतविले आहे, त्याच्या बँकेचा हप्ता दुष्काळ ओळखत नाही. तो नुकसानभरपाई मागेल, लवादाकडे जाईल, आणि प्रत्येक कोरड्या वर्षी खात्याचा हात आखडेल. भीमा खोऱ्याच्या माथ्यावरील टाटांच्या धरणांतून शंभर वर्षे पाणी घाटाखाली जात आहे. सोलापूरने कितीही हाक मारली तरी ते वळविणे किती कठीण, हे सर्वांस ठाऊक आहे. मुळशीत सेनापती बापटांनी १९२१ साली जो प्रश्न विचारला तो कोणत्याही शासनाने निकालात काढलेला नाही.

येथे सार्वजनिक क्षेत्राची भलावण करून थांबता येणार नाही. कोयनेसाठी सुमारे शंभर गावे उठली. पुनर्वसनाचा कायदा राज्यात १९७६ साली आला. कोयनेची माणसे त्याच्या दीड दशक आधीच देशोधडीला लागली होती. काही कुटुंबे ठाणे-रायगडच्या खाडीकडे गेली, काही सोलापूर-सांगलीच्या माळावर, काही धरणाच्या काठावरच डोंगरात वर सरकली. १९६७ च्या ११ डिसेंबरला भूकंपाने कोयनानगर उद्ध्वस्त केले. पुढे १९८५ साली त्याच डोंगरावर अभयारण्य आले, नंतर व्याघ्र प्रकल्प. श्रमिक मुक्ती दलाला या विस्थापितांच्या जमिनींसाठी २०१८ साली कोयनानगरला ठिय्या द्यावा लागला, म्हणजे पहिले जनित्र फिरल्यानंतर छप्पन्न वर्षांनी! २००८ च्या राष्ट्रीय जलविद्युत धोरणाने नव्या प्रकल्पांतील बाधित कुटुंबांस दहा वर्षे दरमहा १०० युनिट वीज आणि स्थानिक विकासासाठी एक टक्का वीज देऊ केली. जुन्या कोयनेच्या माणसांना हेही नाही. कोयनेची स्वस्त वीज राज्याच्या सरासरी दरात मिसळून जाते. तिचा लाभ कारखान्याच्या भट्टीला मिळतो आणि मुंबई-पुण्याच्या वातानुकूलित दालनांनाही मिळतो. खंड समाजाचा, हे म्हणणे खरे करावयाचे तर त्याचा पहिला हिस्सा ज्यांची शेते शिवसागराखाली आहेत त्यांचा असला पाहिजे. शासनाने हे केले नाही, आणि म्हणूनच आज वीजगृहे भाड्याने देताना गावकरी मध्ये पडत नाहीत. आपले नसलेले घर कोणाला विकले याची फिकीर कोण करतो?

कामगार संघटनांनाही हे ऐकावे लागेल. ४ जानेवारी २०२३ रोजी वीज कर्मचाऱ्यांनी खासगीकरणाविरुद्ध संप केला आणि खासगीकरण करणार नाही हे सरकारी आश्वासन घेऊन त्याच दिवशी मागे घेतला. लढा योग्य होता. पण मागण्यांच्या अग्रभागी धरणग्रस्त नव्हते, आणि धरणग्रस्तांच्या ठिय्यात वीज कामगारांचे झेंडे क्वचितच दिसले. त्याच वर्षाच्या डिसेंबरात राज्याने उदंचन जलविद्युत धोरण जाहीर केले आणि २०२४ मध्ये हजारो मेगावॉटचे करार झाले, त्यांत सरकारी कंपन्या थोड्या व खासगी अधिक. आता पाणी वर चढवून पुन्हा खाली सोडण्याचा हा उद्योग सह्याद्रीच्या नव्या माथ्यांवर येत आहे. शासनाचा स्वतःचा अनुभव मात्र उपेक्षित: घाटघरचे २५० मेगावॉटचे उदंचन केंद्र २००८ पासून महानिर्मितीच चालवीत आहे, आणि कोयनेच्या डाव्या तीरावरील ८० मेगावॉटचे पायथा वीजगृह वर्षानुवर्षे रखडले.

महानिर्मितीच्या दराची याचिका वीज नियामक आयोगापुढे येते तेव्हा त्यावर हरकत घेण्याचा अधिकार कोणाही नागरिकास असतो. पाटण, चिपळूण, कऱ्हाड व राधानगरी येथील शाखांनी या वेळी तो वापरावा. घसाऱ्यापोटी आजवर वसूल झालेली रक्कम यंत्रांच्या नूतनीकरणावर किती खर्च झाली, भाड्याने दिलेल्या प्रत्येक केंद्राचा करार जनतेपुढे का ठेवला नाही, आणि कोयनेच्या प्रत्येक युनिटामागे धरणग्रस्तांच्या निधीसाठी काही पैसे राखून ठेवण्यास आयोगाची काय हरकत आहे, हे तीन प्रश्न लेखी द्यावेत; आणि सुनावणीला धरणग्रस्त व पोफळीचे कामगार यांनी एकाच बाकावर बसावे.