घाबरलेली श्रद्धा

‘श्रद्धा कमी पडली’ हे वाक्य आपल्या समाजात इतक्या सहजपणे उच्चारले जाते की, ते किती क्रूर आहे ह्याचे भान बोलणाऱ्याला राहत नाही. आजारी माणूस उठला नाही, श्रद्धा कमी पडली. नऊ बुधवारची नोव्हेना पुरी करूनही मुलीचे लग्न जमले नाही, श्रद्धा कमी पडली. 2021 च्या पावसाळ्यात कोल्हापूरने कोरोनाची दुसरी लाट आणि पंचगंगेचा महापूर एकापाठोपाठ सोसला. त्या दिवसांत ज्यांच्या घरचे माणूस गेले, त्यांच्यापैकी काहींना सांत्वनासाठी आलेल्या धर्मबांधवांच्या तोंडून हेच ऐकावे लागले. ह्या विधानाला आमचा स्पष्ट विरोध आहे. तो केवळ माणुसकीच्या नात्याने नाही. हे विधान आपल्या धर्मशिकवणुकीलाच धरून नाही.

ट्रेंटच्या धर्मपरिषदेने 1547 साली मुक्तीच्या प्रश्नावर निर्णय दिला, तेव्हा एक गोष्ट निःसंदिग्धपणे नोंदवली: परमेश्वर माणसाला नीतिमान ठरवतो ती कृपा माणसाने कमावलेली नसते, त्याच्या सत्कृत्यांनी नव्हे आणि त्याच्या श्रद्धेनेही नव्हे. पुढे 1999 मध्ये आउग्सबुर्ग येथे कॅथलिक आणि ल्युथरन प्रतिनिधींनी संयुक्त घोषणापत्रावर सह्या केल्या, त्याचा गाभाही हाच आहे. कृपा हे दान आहे. दानाला भाव नसतो. मग श्रद्धेचे नाणे खणखणीत नव्हते म्हणून दुकानदाराने माल दिला नाही, असा हिशेब मांडणारे आम्हांला कोणता देव शिकवीत आहेत? हा हिशेब ज्याच्या डोक्यात एकदा शिरला, तो कायमचा भेदरून जातो. आपले नाणे पुरेसे आहे की नाही, हे त्याला कधीच कळत नाही.

शुभवर्तमान उघडून पाहावे. मार्कच्या नवव्या अध्यायातील आजारी मुलाचा बाप आपला अविश्वास प्रभूसमोर उघड बोलून दाखवतो. ‘श्रद्धा पुरी करून ये’ असे सांगून प्रभूने त्याला परत पाठवले नाही. मुलाला बरे केले. पाण्यावरून चालताना पेत्र वाऱ्याला भ्याला आणि बुडू लागला. प्रभूने आधी हात दिला, बोल नंतर लावला. आपण नेमके उलटे करतो.

शंकेच्या बाबतीतही आपला असाच गोंधळ आहे. धर्मशिक्षणाच्या वर्गात एखाद्या मुलीने विचारले की, चांगल्या माणसांनाच दुःख का, तर तिला ‘असे विचारू नये’ म्हणून बसवले जाते. 1992 साली प्रसिद्ध झालेल्या ख्रिस्तसभेच्या अधिकृत धर्मशिक्षणग्रंथाने जाणूनबुजून बाळगलेली शंका आणि नकळत मनात येणारी शंका ह्यांत भेद केला आहे. आपण दोन्हींना एकाच काठीने हाकतो. लिझ्यूच्या संत तेरेजाने 1896 च्या पास्खापासून 1897 च्या सप्टेंबरअखेर मृत्यू येईपर्यंत श्रद्धेचा घोर अंधार सोसला. पोप दुसरे जॉन पॉल ह्यांनी शंभर वर्षांनी, 1997 मध्ये, तिला धर्मपंडित म्हणून गौरविले. मदर तेरेसांची खाजगी पत्रे 2007 साली प्रसिद्ध झाली, तेव्हा त्यांनीही अनेक वर्षे तोच अंधार सोसला होता हे जगाला कळले. तरी 2016 मध्ये त्यांना संतपद मिळाले. ‘श्रद्धा कमी पडली’ म्हणणाऱ्यांनी हे ह्या दोघींना ऐकवावे.

आमचे म्हणणे असे की, श्रद्धेला खरा धोका भीतीचा आहे. ह्याचा दाखला आपल्याच मुलखात आहे. 1849 च्या सुमारास मुंबईत परमहंस सभा निघाली. जातिभेद खोटा आहे, ह्याविषयी तिच्या सभासदांच्या मनात शंका नव्हती. पण सर्व कारभार गुप्त. दारे लावून सहभोजन करायचे आणि बाहेर पडले की सोवळे सांभाळायचे. 1860 च्या सुमारास सभासदांची नावे फुटली आणि सभा विरून गेली. बेळगावचे बाबा पदमनजी त्याच सभेत होते. त्यांच्यापाशी शंकाही होत्या आणि भीतीही. मनाने कौल दिल्यावरही घर, जात, आईवडील ह्यांच्या विचाराने त्यांचे पाऊल अडखळत राहिले. तरी 1854 मध्ये बेळगावात त्यांनी बाप्तिस्मा घेतला आणि पुढे ‘अरुणोदय’ ह्या आत्मचरित्रात आपली घालमेल न लपवता लिहिली. ते प्रोटेस्टंट होते म्हणून ते पुस्तक आपल्या घरांत नसते, हे आपलेच दुर्दैव.

आता आमच्या शिवाजी पेठेकडे येतो. येथे कॅथलिक घरे थोडी. पेठ आपला धर्म रस्त्यावर, ढोलताशांसह जगते, आणि त्याबद्दल आमची काही तक्रार नाही. आमची तक्रार आमच्याविरुद्ध आहे. आमची वेदी आतल्या खोलीत असते; रोझरी दारे लावून होते; कोणी विचारले तर ‘आम्ही सगळेच मानतो’ असे म्हणून विषय बदलला जातो. कशाची भीती? 2008 मध्ये कंधमालच्या ख्रिस्ती बांधवांना घरे जळताना पाहावी लागली, जंगलात लपावे लागले. त्यांची भीती भीती होती. आमची भीती बहुधा शेजाऱ्याच्या भुवईची आहे. ज्या नगरीत शाहू महाराजांनी इतर समाजांच्या बरोबरीने ख्रिस्ती विद्यार्थ्यांच्याही वसतिगृहाला आश्रय दिला, तेथे इतके दबून राहण्याचे कारण आम्हांला दिसत नाही. देशातील वारे बदलले आहे, हे आम्ही जाणतो. पण वारे ओळखणे वेगळे आणि आधीच गुडघे टेकणे वेगळे.

पेठेतल्या तालमीत नवे पोर पहिल्या दिवशी लाल मातीला घाबरतेच. वस्ताद त्याला ‘तुझ्यात दम नाही’ म्हणून घरी धाडत नाही. हात धरून हौद्यात उतरवतो. आपल्या धर्मग्रामांना एवढी वस्तादी जमू नये?

धर्मगुरूंना आणि धर्मशिक्षकांना आमची विनंती आहे की, येत्या उपवासकाळात एक संध्याकाळ केवळ प्रश्नांसाठी राखून ठेवावी. प्रवचन नको, उत्तरांची घाई नको. ज्यांचे माणूस गेले, ज्यांची प्रार्थना ऐकली गेली नाही असे ज्यांना वाटते, त्यांनी बोलावे आणि बाकीच्यांनी ऐकावे. जागेची अडचण असेल तर पेठेतली आमची घरे आहेत. दार उघडे ठेवू. शेजाऱ्यांना ऐकू गेले तरी चालेल.