पाकळ्यांच्या पलीकडे

प्रिम्युला वंशात जवळपास ५०० जाती आहेत आणि हिमालय हे त्यांचे मोठे माहेरघर. तिथून परतलेले लोक फुलांचे देखणे फोटो दाखवून जात विचारतात. पण फोटोत बहुधा दिसते ती पाच पाकळ्यांची जांभळी चकती, आणि तेवढ्यावरून नाव सांगणे धाडसाचेच. एकाच जातीत काही झाडांच्या फुलांत मधोमध कुक्षी दिसते, तर काहींत पुंकेसर. डार्विनने १८६२ मध्ये या दोन रूपांवर लिहिले, तरी त्यांना दोन जाती समजणारे भेटतातच. खरा पुरावा खाली असतो: पानामागची पांढरी किंवा पिवळी भुकटी, कडेचे दाते, फुलोऱ्याची ठेवण, कोवळे पान आत वळलेले की बाहेर. प्रिम्युला डेंटिक्युलाटा या जातीचा गच्च गोंडा दुरूनही ओळखू येतो, हे मान्य. सगळ्याच जाती इतक्या उदार नसतात.

मग झाडच उपटून आणावे का? राष्ट्रीय उद्यानात तो गुन्हा आहे, शिवाय वाळलेल्या नमुन्याचा रंग बऱ्याचदा उडतो. वनस्पती ओळखणारे अ‍ॅप नाव सुचवते खरे, पण पानाची मागची बाजू दाखवलीच नाही तर तेही पाकळ्यांवरूनच अंदाज बांधणार. तेव्हा एकाच झाडाचे चार बाजूंनी फोटो काढावेत, सोबत ठिकाण, उंची आणि तारीख नोंदवावी. एवढे करूनही, विशेषतः संकर होतात तिथे, उत्तर कधी कधी वंशाच्या नावापाशीच थांबेल.